निऱ्या खोचताना

डिसेंबर लागला की भालूकाका पत्र्याच्या पेट्या उघडतात. डांबराच्या गोळ्यांचा वास आधी दुकानभर पसरतो, मग जिन्यावरून गल्लीत उतरतो. समोरचा चहावाला तिथूनच ओरडतो, "सुरू झाला का काका सीझन?"  काका एकेक कपडा झटकून दोरीवर टाकत असतात. वर्षभर घडी होऊन पडलेले अंगरखे, मखमली कोट, जरीकाठी उपरणी, कमरेचे शेले. दुपारपर्यंत दुकानात उभं राहायला जागा उरत नाही.

भालूकाकांचं ड्रेपरीचं दुकान नाशिकला रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत आहे. शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगला, एकांकिकांना, मिरवणुकांना ते कपडे भाड्याने देतात. कॉलेज सुटलं की मी तिथे जाते. हे माझं तिसरं वर्ष, कॉलेजचंही आणि दुकानाचंही.

या दिवसांत काकांचं फोनवरचं बोलणं नव्या गिऱ्हाइकाने ऐकू नये असं असतं. "दोन पेशवे तुझ्याकडे कधीचे पडलेत, आज धुऊन दे." "अरे, राणीच्या पाठीवर इस्त्री ठेवून गेला होतास कुठे? जळली ना ती!" आणि फोन ठेवून मला, "मावळ्यांची बटणं बघ गं. मागच्या वेळी एक मावळा स्टेजवर उघडा पडला."

मी बटणं बघते. अंगरख्यांना आता बंदांच्या आत चिकटपट्टी असते, म्हणजे पुढच्या प्रवेशाआधी पटकन काढता येतो. बाहेरून बंद बांधलेले दिसतात. काखेत मागच्या वर्षीच्या कुठल्यातरी मुलाच्या घामाचा पिवळा डाग असतो, तो सोड्याने घासायचा. पाणी इतकं गार असतं की थोड्या वेळाने बोटं आपली वाटत नाहीत. मला ते आवडतं, असं म्हणायचं होतं. पण आवडतं हा शब्द बरोबर नाही. मला त्याचा त्रास होत नाही.

खरं तर हा वास आला की मला काहीतरी व्हायला हवं. मी वाट बघते. काही होत नाही. मागच्या वर्षीही हाच वास होता, हेच कपडे दोरीवर होते आणि माझी आई होती.

आमचं गाव सुरगाण्याकडे डोंगरात आहे. तिथे हा ऋतू कुलपांचा. भात कापून होतं, नागली म्हणजे नाचणी घरात येते आणि मग एकेका घराला कुलूप लागायला लागतं. जीप भरून माणसं खाली निफाडच्या बाजूला द्राक्षबागांच्या कामाला जातात. भांडी, पांघरुणं, कोंबडीसुद्धा. लहान असताना मीही जायचे. बागेत मांडवाखाली उभं राहिलं की वर हिरवं छत आणि मध्ये हिरव्या मण्यांचे घड. मोठी माणसं मान वर करून दिवसभर घडातले जास्तीचे मणी काढायची. घरी परतल्यावरही आई थोडे दिवस मान वर करूनच चालायची, आणि बा तिला हसायचा.

मागच्या डिसेंबरात मी एका रविवारी त्यांना भेटायला गेले. बसमधून उतरून बागेपर्यंत चालत जाताना लांबूनच दिसलं, बागेच्या कडेने साड्या बांधल्या होत्या. आता सगळीकडे बांधतात. गार वारा, ऊन, पाखरं अडवायला. जुन्या साड्यांचे गठ्ठे गुजरातकडून ट्रकने येतात. पिवळी, राणी रंगाची, फुलाफुलांची, टिकल्या गळालेली. तारेला एकीला लागून एक, आणि वारा आला की सगळ्यांना एकदमच पोट सुटायचं.

आई त्यातलीच एक बांधत होती. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, खांद्यावरून फडकी घेतलेली. फडकी म्हणजे आमच्याकडच्या बायका पदरासारखी घेतात ते छापील कापड. मला बघून ती म्हणाली, "आली का? बघ, येवढ्या बाया उभ्या केल्या राखणीला, तरी मुकादम म्हनतो माणसं कमी हाय."

तिच्याबरोबरच्या बायका हसल्या. माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, त्याच टोळीत होती. ती म्हणाली, "तुझी पोरगी वाळली गं. कॉलेजात खायला देत नाय वाटतं."

जेवताना मी आईला आमच्या एकांकिकेचं सांगितलं. एका किल्ल्यावरच्या बायकांची गोष्ट होती. पुरुष लढाईला गेलेत आणि मागे राहिलेल्या बायका किल्ला सांभाळताहेत. कपड्यांचं काम माझ्याकडे होतं. तयार शिवलेली नऊवारी असते, पायजम्यासारखी पाय घालून चढवायची, कमरेला इलॅस्टिक. नाचाला ती बरी पडते. पण आमच्या दिग्दर्शकाला खरी नेसलेली हवी होती. मी मोबाइलवर फोटो दाखवला. तालमीतल्या मुली, घोट्यापर्यंत जरीचे काठ.

आईने फोटो बोटाने मोठा केला. "या पाणी कशा भरता मंग?"

"भरत नाहीत गं. नाटक आहे."

"आणि हे नेसवायला तुला कॉलेजात शिकवता? मी घरीच शिकवलं असतं की."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मी तिथे नक्की काय शिकते हे मी तिला बऱ्याचदा सांगितलं होतं. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र. तिच्या डोक्यात राहिलं ते हेच, की पोरगी शहरातल्या पोरींना लुगडं नेसवते. मी तिची समजूत नीट करायला हवी होती का, माहीत नाही. तिला त्याचा अभिमान होता. टोळीतल्या बायकांना ती तेच सांगायची.

जेवण झाल्यावर तिने झाडाखालच्या बाचक्यातून एक घडी काढली. वांगी रंगाचं सुती नऊवारी, रुंद हिरवा काठ. एका कोपऱ्यात मोरचुदाच्या फवाऱ्याचा निळसर डाग. "साड्यांमधी सापडलं. साडी नाय, लुगडं हाय हे. कोनीतरी बोहारणीला दिलं आसंल. मालकाला विचारून ठेवलं, दोनदा धुतलं. तुझ्या नाटकाला व्हईल?"

मी कापड हातात घेतलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं. आमच्या दुकानात असं एकही नव्हतं. आमच्याकडचं सगळं चमकतं आणि टोचतं.

"नेसवून दाखव," मावशी म्हणाली. "बघू तरी काय शिकली."

म्हणून मी आईला तिथेच बागेच्या कडेला उभी केली, तिच्या कपड्यांवरूनच. कमरेला वेढा घेतला, गाठ मारली, निऱ्या घातल्या. निऱ्या खोचायच्या वेळी मी दुकानात म्हणते तेच म्हटलं, "श्वास आत घे."

हे वाक्य काकूंचं, म्हणजे भालूकाकांच्या बायकोचं. नेसवायला मला त्यांनीच शिकवलं. त्या म्हणायच्या, निऱ्या खोचताना समोरच्या बाईने श्वास आत घेतलाच पाहिजे. मग ती श्वास सोडते आणि तिचं पोटच निऱ्या धरून ठेवतं. पिना नंतरच्या.

आईने श्वास आत घेतला. मी निऱ्या खोचल्या. "सोड आता," मी म्हटलं.

ती सोडेना. गाल फुगवून, डोळे मोठे करून उभी राहिली. बायका हसायला लागल्या. "आये, सोड." तिने मान हलवली, नाही. तिचा चेहरा लाल व्हायला लागला. मावशी म्हणाली, "सोड गं येडे, पोरगी घाबरली!" आणि मग आईने फूऽऽ करून सगळा श्वास माझ्या तोंडावर सोडला. कांदा, चटणी, नागलीची भाकर. मी चिडले होते. मला बस गाठायची होती.

मला ऋतूबद्दल लिहायचं होतं. द्राक्षांबद्दल, थंडीबद्दल, कपड्यांच्या रंगांबद्दल. पण कुठूनही निघाले तरी मी त्या बागेच्या कडेला येते आणि पुढे जायला मला वेळ लागतो.

गॅदरिंगला थोडे दिवस राहिले असताना आईला ताप आला. ती दोन दिवस कामावर गेली, मग नाही गेली. ताप छातीत उतरला होता. बाने दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. मी पोचले तेव्हा ती बोलत होती. "नाटक झालं?" तिने विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. "मंग हितं काय करते?" त्यानंतर ती फारसं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. डॉक्टरांनी सगळं केलं. बा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसला होता, त्याने मला विचारलं, "जीप बोलवू का दवाखान्याची गाडी?" मी म्हटलं, "जीप." याशिवाय त्या सकाळचं मला काही आठवत नाही. जीप हा शब्द आठवतो.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या माहेरची माणसं शेवटचं लुगडं आणतात. मामा बाजाराच्या गावाहून हिरवं घेऊन आला. सहावारी, चकचकीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मावशीने ते उलगडलं आणि ती मामावर ओरडली, "हे काय आनलं? ती कधी नेसली का सहावारी?"

"दुकानात हेच व्हतं," मामा म्हणाला. तो रडत होता. "नऊवारी कोन ठेवतं आता?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मावशी माझ्याकडे वळली. "तू शहरात नेसवते ना? तू नेसव. गुडघ्यापर्यंत नेसव, तिच्यासारखं. येवढ्यात बसंल."

बसत होतं. ते मला कापड हातात घेताच कळलं. आखूड नेसायचं तर सहावार पुरतं, काष्टा मागे जरा कमी पडतो इतकंच. माझं डोकं अगदी स्वच्छ चाललं होतं. मी एकीला खांद्यापाशी धरायला सांगितलं, एकीला कमरेपाशी. आडव्या माणसाला नेसवताना वेढा आधी पाठीखालून सरकवून घ्यावा लागतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण हातांना समजत गेलं. माझ्या बांगडीत पिनांचा झुबका असतो, सीझनमध्ये तो असतोच. त्यातली एक मी काढून दातांत धरली.

"पिना नको," मावशी म्हणाली. "नाचायला चालली का ती?"

मी पिन काढून ठेवली. निऱ्या घातल्या. बोटांनी एकेक सारखी केली, वरची कड जुळवली, आणि खोचायला हात नेला. आणि म्हटलं, "आये, श्वास आत घे."

 मी हात तसाच धरून वाट बघत होते. मी खरंच वाट बघत होते, हे मला नंतर कळलं.

मावशी माझ्या बाजूला बसली होती. ती हळूच म्हणाली, "घेतला गं तिनं. खोच."

मी निऱ्या खोचल्या.

मी तेव्हा रडले नाही आणि नंतरही नाही. बायकांनी ते बघितलं. एक-दोघी कुजबुजल्या, शिकलेल्या पोरी अशाच होतात. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी म्हटलं ते खरं असेल असंही वाटलं.

तेरावा झाला आणि बा परत बागेवर गेला. घड थांबत नाहीत. मी नाशिकला आले तेव्हा गॅदरिंग संपलेलं होतं. मुलींनी मला फोटो पाठवले होते. एका फोटोत मागे, घडा घेतलेल्या मुलीच्या अंगावर मी नाटकाच्या कपड्यांत ठेवलेलं ते वांगी लुगडं होतं. शिवलेल्या नऊवारीवर गुंडाळून पिनांनी बसवलेलं. नेसवणारं कुणी नव्हतं, काकूंचे गुडघे तेव्हाच गेले होते. मी तो फोटो बराच वेळ बघितला. मग अभ्यास केला. त्या परीक्षेत मला चांगले मार्क पडले.

आईची लुगडी तिच्याबरोबर गेली. फडकी बाच्या उशाशी असते. माझ्याकडे तिचं म्हणावं असं काही नाही. आहे ते एका अनोळखी बाईचं लुगडं, जे तिने दोनदा धुतलं होतं. तेही माझ्याकडे नाही, भालूकाकांच्या तिसऱ्या पेटीत आहे.

त्यानंतर वर्षभर मी कुणाला नेसवलं नाही. ठरवून असं नाही. गिऱ्हाईक आलं की मी इस्त्रीच्या टेबलामागे असायचे. दुकानाच्या दारातल्या पुतळ्याला मात्र मी नेसवते, उत्तम नेसवते. त्याची कंबर टणक आहे, त्याला काही सांगावं लागत नाही.

काकांच्या लक्षात आलं होतं.  या वर्षी पेट्या उघडल्यावर ते म्हणाले, "आपल्याकडे तीन कॉलेजांच्या मुली नेसायला येणार आहेत. काकू जिना चढू शकत नाही. मग कोण नेसवणार? मी?"

"बघते," मी म्हटलं.

"बघ. नसेल जमत तर तसं सांग. मी दुसरी मुलगी बघतो. तू धुलाईला राहा, मला काही त्रास नाही." मग पेशव्यांच्या कोटाची बाही उलटी करत, "पण मला ते आवडणार नाही हं."

मागच्या आठवड्यात मी प्रयत्न केला. एका मुलीला नेसवलं, न बोलता. सगळं बरोबर केलं, पण खोचताना ते वाक्य ओठांपर्यंत आलं आणि मी ते गिळलं. त्याऐवजी चार पिना लावल्या. दुकानाचा जिना उतरताना तिच्या निऱ्या सुटल्या आणि ती पायरीवर बसली. तिला लागलं नाही, ती हसली. मी हसले नाही. त्या दिवशी काका लवकर घरी गेले. मला वाटलं, उद्या ते दुसऱ्या मुलीला घेऊन येतील. मला हेही वाटलं की तसं झालं तर हा नेसवणारा हातही माझा राहणार नाही. आईला माझ्याबद्दल ठाऊक असलेली एकच गोष्ट होती ती. मग मी तिची कोण, हे मला स्वतःला तरी कशावरून सांगता येईल?

आज दुपारी आमच्याच कॉलेजची एक मुलगी आली. पहिल्या वर्षाची, लासलगावची. लिलाव पुकारल्यासारखी भरभर बोलते. "ताई, मला वारकरीण नको, मला राणी पण नको, राणीला एकच वाक्य आहे. मी पाणी भरणारी आहे, पण मला भरपूर बोलायचंय. मला साधं द्या. ताई, हे टोचतं. ते पण टोचतं. हे काय आहे?"

तिच्या हातात वांगी लुगडं होतं. पेटीच्या तळाशी गेलं होतं, तिने उपसून काढलं होतं.

"हे मऊ आहे," ती म्हणाली. "इथे निळा डाग आहे, पण चालेल. घडा त्या बाजूला धरते. हे कुणाचं आहे?"

"दुकानाचं," मी म्हटलं. मग म्हटलं, "माझ्या आईने दिलंय."

काका हिशेब करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी तिला पडद्यामागे उभी केली. वेढा घेतला, गाठ मारली. माझी बोटं तिच्या कमरेला लागताच ती किंचाळली, "अगं आई गं, ताई! बर्फ आहे का हात! गुदगुल्या होतात मला, आधीच सांगते."

"हलू नको."

"नाही हलत. घोट्यापर्यंत नेसवणार ना?"

"पाणी भरायचंय ना तुला? गुडघ्याखाली जरासं ठेवू."

निऱ्या घातल्या. सुती कापडाच्या निऱ्या शहाण्या असतात, एकीवर एक बसतात. मी वरची कड जुळवली. माझा हात तिच्या पोटापाशी जाऊन थांबला. ती वाट बघत होती. बाहेर काकांचं पेन थांबल्याचं मला ऐकू आलं, किंवा मला तसं वाटलं.

"ताई? झालं का?"

मी म्हटलं, "श्वास आत घे."

तिने घेतला. एवढी बडबडी मुलगी एकदम गप्प झाली, पोट आत गेलं, लुगड्यात आणि तिच्यात जागा झाली. मी निऱ्या आत सरकवल्या, खाली दाबल्या, आणि हात बाहेर काढायला विसरले. ती शहाण्यासारखी धरून उभी होती. तिचे गाल फुगले नव्हते. ती कुणालाही हसवत नव्हती. ती फक्त मी सांगायची वाट बघत होती.

"सोड आता," मी म्हटलं.

तिने सोडला. मी वाकलेली होते, तो माझ्या केसांवर आला. तिचं पोट परत पुढे आलं आणि माझी बोटं निऱ्यांसकट तिथे अडकली. ते गरम होतं. गार पाण्याने बधिर झालेल्या बोटांना आधी ते पोळल्यासारखंच वाटलं.